शेवाळात चरलेली वाट

म्हस्कूला टेकडीवरून आपली पाच मेंढरं आणायची होती. एवढंच! पण उजनी धरणाच्या फुगवट्यात त्या टेकडीचं बेट झालं होतं, आणि ते बेट रोज हातभर बुडत होतं.

चूक त्याचीच. शंभराचा कळप विकून कळसच्या या धनगरानं पाच मेंढ्या तेवढ्या ठेवल्या होत्या, बोलायला कुणीतरी असावं म्हणून. बायको वारलेली. पोरगा मल्हार माळेगावला कारखान्यात. त्याच्याकडं एक दिवस म्हणून गेला आणि पावसानं चार दिवस अडकला. पोरगा पाळीवर, सून टीव्हीपुढं, म्हातारा भिंतीकडं तोंड करून बसलेला. पोळ्याआधी टेकडीला पाणी लागत नाही, या भरवशावर मेंढरं तिथं मोकळी सोडलेली. चौऱ्याण्णव सालच्या पावसानं तो भरवसा मोडला.

काठावरच्या शहाण्यांनी सल्ले भरपूर दिले, होडी एकानंही दिली नाही. निघाला फक्त मासे धरणारा सोपान. त्यालाही मेंढरांची कणव नव्हती. त्याला कासवं धरायची होती. शहरातला एक व्यापारी ती चोरीछुपे विकत न्यायचा.

उजाडताच पत्र्याची होडी सुटली. चहूकडं करडं पाणी. मधेच एखाद्या बुडालेल्या बाभळीचा शेंडा, त्यावर एकटा पाणकावळा. सोपाननं वाटेतली जाळी उपसून नऊ कासवं गोणीत घातली. गोणी म्हस्कूच्या पायाशी वळवळत राहिली.

"काय खात्यात रं ही?"

"शेवाळ. तुमच्या मेंढरागत दिसभर चरत्यात. घेता का राखायला, तात्या? कळप व्हईल पुन्यांदा!"

"तू आधी नीट वल्हव. तोंड लई चालतं तुझं."

सोपान खो खो हसला. ते हसणं पाण्यावर लांबवर गेलं आणि परत आलं नाही.

दुपारी ते शेवाळात शिरले. पाण्याखाली हिरव्या दोऱ्यांचं घनदाट रान माजलं होतं. वल्हं बुडवलं की गुंडाळलं जायचं. पुढं सरकेना. मागंही फिरेना. सोपाननं जोर लावला आणि वल्हं काडकन मोडलं!

"हितं तर मोकळं पाणी असायचं!" तो ओरडला. "तीन सालामागं डोळं झाकून जायचो मी!"

विळा घेऊन त्यानं उडी टाकली. दोन हात मारले, चार दोऱ्या कापल्या. पाय गुंतला. डोकं खाली गेलं. वर आलं. पुन्हा गेलं!

"तात्याऽऽ!"

म्हस्कूनं काठी पुढं केली. हात निसटला. मग त्यानं खांद्यावरच्या घोंगड्याला पीळ घातला आणि एक टोक धरून ते फेकलं. सोपाननं ते दातांत धरलं, मुठींत धरलं. म्हातारा होडीत आडवा पडून ओढत राहिला. खांदा उखडतोय की काय! अखेर सोपान कडेवरून आत पडला आणि पाणी ओकू लागला.

मग फार शांत झालं. हाक मारावी तर ऐकणारं कोसभर कुणी नाही. म्हस्कू कडेला वाकून पाण्यात बघत बसला. आयुष्यभर त्यानं रानं पाहिली होती, ती अशीच. शेळी ओरबाडते, मेंढी कातरते. चाव्यावरून कुणाचा कळप पुढं गेला ते तो सांगायचा. डाव्या हाताला शेवाळाचे शेंडे त्याला आखूड दिसले. दोन दोऱ्या उपटून त्यानं डोळ्यांपाशी धरल्या. टोकं चावून तोडलेली होती.

"सोपाना, हितनं कळप गेलाय."

"कसला कळप?"

"तुझ्या गोणीतला."

काठीनं रेटत त्यानं होडी तिकडं वळवली. हातभर मोकळी पट्टी, तिच्यात कमळाची कोवळी पानं वर आलेली. शेवाळानं दाबली नव्हती म्हणूनच आलेली. चरलेली वाट वळत वळत टेकडीकडं निघाली होती.

"मधल्या पाण्यातली कासवं कुणी उचलली?"

सोपाननं गोणी पायानं मागं सारली. मग म्हणाला, "मीच. तीन सालं."

"मंग वाट तूच बुजवलीस, मर्दा. आन् त्यातच मरत हुतास!"

टेकडीचा माथाही बुडत आला होता. पोटापर्यंत पाण्यात चार मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या. पाचवी नव्हती. म्हस्कूनं तिला तीनदा हाक मारली. मग चौघींना पाय बांधून होडीत घेतलं.

निघताना तो म्हणाला, "ह्यातली एक तुला. गोणी मला."

"तात्या, खुळं झाला का? तीनच उरत्याल!"

"मोजता येतं मला."

सोपाननं मेंढ्यांकडं पाहिलं, आपल्या सोललेल्या पायाकडं पाहिलं, आणि गोणी पुढं सरकवली.

परतताना, जिथं वल्हं मोडलं होतं त्या रानाच्या कडेला, म्हस्कूनं गोणी सोडली. एकेक कासव हातात घेऊन पाण्यात ठेवलं. नववं गेलं तेव्हा त्याच्या तोंडून सवयीनं शीळ निघाली, कळप रानात सोडताना घालायचा ती. एकानंही मान वळवली नाही.

पुढल्या श्रावणात तो एकटाच काठावर आला. मागं तीन मेंढ्या. सोपाननं होडीतून लांबूनच हात केला. होडीत जाळी मासळीचीच होती. शेवाळाच्या हिरव्या रानात एक बारीक, वाकडी पट्टी मोकळी झाली होती. म्हस्कू खाली बसला आणि काठी आडवी धरून, दिवस कलेपर्यंत, न दिसणारा कळप राखत राहिला.