मऊवेळ

मैथिलीचा निबंध यंत्राने तिसऱ्यांदा परत पाठवला. शेरा तोच : 'मजकूर खरा. संकट अपुरं.'

प्रवेशाचे निबंध यंत्रंच लिहून देऊ लागली, तेव्हापासून विद्यापीठांनी कागदावर विश्वास ठेवणं सोडलं होतं. आता स्मृतिपडताळा व्हायचा. उमेदवाराच्या डोक्याला पट्टी बांधायची, त्याने निबंधातला प्रसंग आठवायचा आणि ती आठवण मेंदूत खरोखर आहे का, हे यंत्राने सांगायचं. प्रश्न मात्र जुनाच होता : तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं संकट कोणतं आणि त्यातून तुम्ही कसे उभे राहिलात?

मैथिलीचे वडील प्रल्हाद वाघुळदे भुसावळच्या बस आगारात बॅटऱ्या बदलायचे. मुलगी आठ महिन्यांची असताना बायको गेली. त्यांनी एकट्याने मुलीला वाढवलं, आणि तिला कशाची उणीव भासू दिली नाही.

"तीच तर अडचण आहे," डॉ. टिळेकर समोर बसलेल्या बापलेकीला म्हणाल्या. त्या मेंदूशास्त्रज्ञ, निबंध नाकारलेली मुलं त्यांच्याकडे यायची. "पोर सुखात वाढली. आईचं जाणं तिला आठवतही नाही."

"मग करायचं काय, डॉक्टर?"

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, वाघुळदे. दरवेळी बाहेर काढली की ती मऊ पडते, चार-पाच तास तशीच राहते आणि पुन्हा घट्ट होते. त्या तासांना आम्ही मऊवेळ म्हणतो. तेवढ्यात तिच्यात जे मिसळाल, ते तिच्यासकट घट्ट होतं. मग यंत्राला ते खरंच दिसतं. कारण मुलीच्या लेखी ते खरंच असतं."

सातव्या वर्षी मैथिली चिंचेच्या झाडावरून पडली होती. मनगट मोडलं होतं. प्रल्हादनी तिला पाठुंगळी घेऊन धावत दवाखाना गाठला होता. हाड जुळल्याची खूण अजूनही क्ष-किरणांत दिसायची. डॉक्टरांना तेवढा आधार पुरेसा होता. झाड काढायचं आणि त्या जागी मनगट पिरगळणारा बापाचा हात ठेवायचा.

"दुसऱ्या कुणाचा ठेवा की," प्रल्हाद कसेबसे म्हणाले.

"तिच्या आठवणींत दुसरं आहेच कोण? परका माणूस पडताळ्यात गळून पडेल."

मैथिली ताडकन उठली. "मला नाही जायचं कुठं. बाबा, चला घरी."

"बस खाली. दहा वर्षांची होतीस तेव्हापासून समुद्राच्या तळाचं शास्त्र शिकायचं म्हणतेस. आता इथवर येऊन मागं फिरायचं?"

ती रडायला लागली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण हे खोटं आहे हे मी लक्षात ठेवीन. रोज घोकीन."

डॉक्टरांनी मान हलवली. "यंत्राला तेही दिसेल. आपलं हे बोलणंसुद्धा काढावं लागेल."

मैथिलीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी संमतिपत्र ओढून घेतलं होतं. त्यांच्यामागून तिनेही सही केली.

चौथा निबंध स्वीकारला गेला. प्रसंग सांगताना मुलीचा आवाज कापत होता, असं परीक्षकांनी कौतुकाने नोंदवलं.

निघायच्या दिवशी प्रल्हाद तिची बॅग उचलायला पुढे झाले, तशी ती भिंतीला टेकली. मग स्वतःला सावरत म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला माफ केलंय. निबंधातही तसंच लिहिलंय."

पडताळा दरवर्षी व्हायचा होता. खरं सांगून चालणार नव्हतं.

"चुकलं माझं, बाळा," प्रल्हाद म्हणाले.

पुढे ती फोनवर अधूनमधून विचारायची, अगदी मायेने, "त्या दिवशी एवढे का चिडला होतात हो?" ते काहीबाही कारण द्यायचे. एकदा आगारातला जाच, एकदा तिच्या आईची आठवण. फोन ठेवला की ते खुर्चीत बसून चिंच आठवायचे, तिची फांदी, पाठीवरचं ते इवलंसं ओझं. निदान आपल्यापाशी तरी खरं राहावं, म्हणून.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी फांदी दिसेना. दिसलं ते इवलंसं मनगट, आपल्या मुठीत. हाड मोडल्याचा आवाजही स्पष्ट आला.

त्यांनी डॉ. टिळेकरांना फोन लावला. "डॉक्टर, तिथं झाड होतं ना? खरंच होतं ना?"

"मला कसं ठाऊक असणार, वाघुळदे? झाड होतं, हे मला तुम्हीच सांगितलं होतं."