तीन शिट्ट्या आणि शनीचं कडं

खेळ सुरू झाला आणि संपला. मध्ये काहीच घडलं नाही.

म्हणजे घडलं असणार, कारण पडद्यावर लिहून आलं होतं की माझं यान फुटलं, रुग्णालय-यान लुटारूंनी पळवलं आणि त्यातल्या तीनशे बारा रुग्णांचा ठावठिकाणा नाही. पण माझा हात अजून खेळाच्या दांड्यापर्यंत (जॉयस्टिकपर्यंत) पोचलाही नव्हता.

"किती वेळ टिकले मी?" मी ठकीला विचारलं.

"एक पूर्णांक दोन दशांश सेकंद," ठकी म्हणाली. "मागच्या वेळेपेक्षा प्रगती आहे."

ठकी म्हणजे आमच्या घरातला यंत्रमानव. इचलकरंजीत भंगारात निघालेल्या यंत्रमागांचे भाग जोडून माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, ती बनवली. स्वयंपाक तिला आजीनं शिकवला आणि टोमणेही आजीनंच शिकवले. आजी गेली, पण दोन्ही गोष्टी घरात राहिल्या. ठकीची एक सवय मात्र कुणी शिकवलेली नव्हती. तिला दिसेल ते ती मोजायची आणि मोजलेलं सगळ्यांसमोर सांगायची.

त्या सवयीनंच घोटाळा केला होता. आबांना दोन वर्षांपासून कंपवात (हात आपोआप थरथरण्याचा आजार) आहे. महिन्यापूर्वी जेवताना त्यांचा चमचा हलला आणि ठकी म्हणाली, "आबांच्या हातून सात थेंब सांडले." झालं. आई फडकं घेऊन धावली, बाबा दुसरी वाटी घेऊन धावले, मी नुसतीच धावले. दुसऱ्या दिवसापासून आबांनी ताट खोलीत मागवायला सुरुवात केली.

माझे आबा एके काळी अवकाशस्थानकाला मालवाहू यानं जोडण्याचे प्रोग्रॅम लिहायचे. आता उजवा हात मांडीखाली दाबून खिडकीशी बसायचे. "हात कामातनं गेला, ऋजू," एवढंच म्हणायचे. मला ते बघवत नव्हतं, आणि काय करावं ते सुचतही नव्हतं.

मग माळ्यावरच्या खोक्यात ही खेळाची तबकडी सापडली. १९९६ सालची. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पण आबांच्या गल्लीतली पोरं त्याला 'शनीचं कडं' म्हणायची. शनीच्या कड्यातल्या बर्फाच्या दगडांमधून रुग्णालय-यान सुखरूप पलीकडे न्यायचं आणि वाटेत लुटारूंशी लढायचं. तबकडी बघून आबा महिन्यात पहिल्यांदा हसले होते. "शेवटची मोहीम तेवढी राहिली बघ माझी. परीक्षा आली आणि वडिलांनी संगणक काकाकडं पाठवून दिला. त्रेपन्न वर्षं झाली."

तेव्हाच मी ठरवलं, ही मोहीम आबांनी पुरी करायची. पण खेळ सव्वा सेकंदही टिकेना. आमचा संगणक २०५१ सालचा, एकदम नवा, तरी असं का व्हावं?

उत्तर दुपारच्या जेवणात सापडलं. डाळ दाताखाली कचकच वाजत होती. सोमवारीच घरात नवी झटपट शेगडी आली होती.

"ठकी, शिट्ट्या किती केल्यास?" आईनं विचारलं.

"तीन. आजींनी सांगितलं तशा. एकही कमी नाही."

खोलीतून आबांचा आवाज आला, "ऋजू, इकडं ये. त्या ठकीलाही आण."

आबांच्या ताटातही तीच कच्ची डाळ होती. त्यांनी ठकीला विचारलं, "नव्या शेगडीवर तीन शिट्ट्यांना किती वेळ लागला?"

"चार मिनिटं."

"आणि जुन्या गॅसवर?"

"अकरा मिनिटं."

"मग ऋजू, डाळ कशानं शिजते? शिट्टीनं का वेळानं?"

"वेळानं," मी म्हणाले. "शिट्ट्या आपण मोजायच्या म्हणून मोजतो. शेगडी जोरात असली की त्या लवकर होतात, पण डाळीला तेवढाच वेळ लागतो."

"तुझा खेळ बी शिट्ट्या मोजतोय," आबा म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं. मग ते समजावू लागले, आणि समजावताना मांडीखालचा हात कधी बाहेर आला ते त्यांनाही कळलं नाही.

"खेळाचा प्रोग्रॅम गोल गोल फिरतो. दांडा कुठं वळलाय ते बघायचं, यानं थोडी पुढं सरकवायची, चित्र काढायचं. ही झाली एक फेरी. ती झाली की पुन्हा पहिल्यापासनं. आमच्या वेळचा संगणक सेकंदाला वीसेक फेऱ्या मारायचा, म्हणून लिहिणाऱ्यानं लिहून टाकलं, दर फेरीला लुटारू दहा पावलं पुढं. आता तुझा संगणक सेकंदाला हजारो फेऱ्या मारतोय. लुटारूनं किती पावलं टाकायची?"

"म्हणून मी लगेच मरते. मग नवे खेळ कसे चालतात?"

"ते घड्याळ बघतात. मागच्या फेरीपासनं किती वेळ गेला ते मोजायचं आणि तेवढंच यान सरकवायचं. शेगडी कसली बी असू दे, डाळ बरोब्बर शिजते."

"मग आपण खेळ दुरुस्त करायचा?"

"लिहिणारे कुठं असतील कुणास ठाऊक. खेळाला हात लावायचा न्हाई. त्याला त्याची जुनी शेगडी द्यायची."

जुनी शेगडी म्हणजे एम्युलेटर (जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम). तो नव्या संगणकाच्या आत बसतो आणि खेळाला सांगतो, मीच तुझा १९९६ चा संगणक. फेऱ्याही तेवढ्याच मारतो. खेळ बिचारा विश्वास ठेवतो. तासाभरात पडद्यावर शनी उगवला आणि लुटारू माणसासारखे, म्हणजे लुटारूसारखे, शांतपणे येऊ लागले.

मी नव्या दांड्याची बटणं जुन्या खेळाच्या कळांना जोडली. हे बटण दाबलं की तोफ, ते दाबलं की वेग. मग आबांना खुर्चीत बसवलं.

आबांनी दांडा धरला. हात थरथरला आणि यानही थरथरू लागलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. लगेच ते एका दगडावर आपटलं. आबांनी हात काढून घेतला.

"आमचा जुना दांडा ढिला होता," ते हळूच म्हणाले. "त्याला एवढंतेवढं कळायचंच न्हाई. ह्या नव्याला सगळं कळतंय." आणि उठून खोलीत गेले. मला रडू आलं. चांगलं करायला गेले आणि त्यांचा हात मीच मोठ्या पडद्यावर दाखवला.

रडताना समोर बघितलं तर दांड्याला कुणीही धरलेलं नव्हतं, तरी यान हळूहळू डावीकडे वळत होतं. "दांडा स्वतःच किंचित हलतो," ठकी म्हणाली. "शंभरात दोन इतका. त्यासाठी डेडझोन असतो."

डेडझोन म्हणजे दांड्याच्या मधल्या जागेभोवतीचा एक पट्टा. त्याच्या आतली हालचाल यान मोजतच नाही. मी तो दोनवर ठेवला आणि यान सरळ झालं. मग माझ्या मनात आलं, दांड्याचं थरथरणं माफ, तर आबांचं का नाही?

मी पट्टा एकदम साठवर नेला आणि स्वतः खेळून बघितलं. यान चिखलात बसलेल्या म्हशीसारखं झालं, ढकललं तरी हलेना. अंदाजानं चालणार नव्हतं. आधी आबांची थरथर मोजायला हवी होती, पण ते तयार होतील का? मी दांडा घेऊन सरळ त्यांच्या खोलीत गेले.

"आबा, यावर एक मिनिट हात ठेवा. काही करू नका. थरथरला तर थरथरू द्या."

त्यांनी मांडीखालून हात काढला. मग तो दांड्यावर ठेवला. ठकीनं मोजलं. एका मिनिटात दांडा एकदाही अठराच्या पुढे गेला नाही.

मी पट्टा वीसवर ठेवला. आबांनी त्यात एक सुधारणा सुचवली. वीस ओलांडलं की मोजणी शून्यापासून सुरू करायची, एकवीसला एक धरायचं, म्हणजे यानाला धक्का बसत नाही. शिवाय त्यांचा हात स्वस्थ असताना जास्त थरथरायचा आणि कामाला लागला की कमी, ते आमच्या पथ्यावरच पडलं.

पहिल्या वेळी आबा आपटले. दुसऱ्या वेळी लुटारूंनी गाठलं. तिसऱ्या वेळी कड्याच्या पलीकडे काळंभोर मोकळं आकाश आलं आणि रुग्णालय-यान आमच्या मागे सुखरूप होतं. आबांचा हात दांड्यावर थरथरतच होता आणि यान सरळ चाललं होतं.

"तीनशे बाराच्या तीनशे बारा," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. मग त्यांनी कागद मागितला आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहायला बसले. खऱ्या मालवाहू यानांच्या दांड्याला ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे पट्टा ठेवता आला, तर थरथरत्या हाताची माणसंही यान चालवतील, असं त्यांचं म्हणणं होतं. दांड्यानं चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीपासून सुरुवात करू, असं ठरलं.

संध्याकाळी आबा आपलं ताट घेऊन बाहेर आले आणि आमच्यात बसले. डाळ या वेळी अकरा मिनिटं शिजली होती. आबांनी चमचा उचलला, हात हलला आणि टेबलावर थेंब सांडले. ठकीची मान तिकडे वळली. आई, बाबा, मी, तिघंही श्वास रोखून बसलो.

"डाळ नीट शिजली आहे ना?" ठकीनं विचारलं.

"शिजलीय," आबा म्हणाले आणि जेवत राहिले.

नंतर भांडी लावताना मी ठकीला विचारलं, "तू थेंब का नाही मोजलेस?"

"वीसच्या आतले होते," ठकी म्हणाली.