डाग

"माझ्या हातून झालं का, एवढंच सांगा," थोरला भाऊ म्हणाला. "झालं असेल तर हत्यारं आजच विकतो. बायकोला तसा शब्द दिलाय."

"आधी बघू," बाई म्हणाल्या. विमा कंपनीसाठी जळालेला माल तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता त्या खासगी तपास करत. सोबत त्यांचे शेजारी, निवृत्त ग्रंथपाल. आपण इथे नेमके कशाला आलो, हा प्रश्न ग्रंथपालांना नेहमीप्रमाणे दाराशीच पडला होता.

घरामागची पत्र्याची शेड अर्धी काळवंडली होती. थोरल्याने जुन्या लॅपटॉपचे सेल जमवून विजेच्या सायकलची स्वस्तातली बॅटरी बांधली होती. काल दुपारी ती चार्जिंगला लावली आणि आग लागली. विझवताना त्याच्या बायकोचा हात भाजला.

"सेल जोडले कसे होते?"

"स्पॉट वेल्डिंगनं, निकेलच्या पट्टीवर. सेलला थेट कथील वितळवून डाग मी कधीच देत नाही. कथलाच्या उष्णतेनं सेल मरतो." तो जळक्या टेबलाकडे पाठ करून उभा होता. कालपासून तिकडे बघायचं धाडसच त्याला झालं नव्हतं.

ग्रंथपालांनी बघितलं. वाळू, राख, वितळलेल्या निळ्या टेपचे तुकडे, काळी पडलेली तांब्याची तार, सेलच्या टोकांवर थिजलेले राखाडी थेंब. टेबलाखाली रिकामी टोपली. थिनरचा डबा आडवा, तोही रिकामा. त्यांना काही उमगलं नाही. उमगल्यासारखा चेहरा मात्र त्यांनी केला.

बायको हाताला पट्टी बांधून स्वयंपाकघरात बसली होती.

"बॅटरी रिकामी होती?" बाईंनी विचारलं.

"पार रिकामी. आदल्या दिवशी हे वाटेतच अडकले, सायकल ढकलत आणली. काल मीच प्लग लावला. हिरवा दिवा लागला, म्हटलं चला, सुरू झालं एकदाचं! थोड्या वेळानं वास आला. नेलपॉलिशसारखा उग्र."

"त्याआधी शेडमध्ये कोणी आलं होतं?"

"भाऊजी तेवढे. चाकात हवा भरायला आले होते, मी प्लग लावून आत आले त्यानंतर निघाले. त्यांची बॅटरी केव्हाच मेलीय, आमच्या चढावर सायकल ढकलत येतात आणि दारातूनच ओरडतात, वहिनी, पाणी!" ती हसली. हात दुखला तशी थांबली.

बाईंनी फोन लावला, तसा सेल विकणारा फोनवरच तापला. "माझ्या मालाला नावं ठेवता? त्या माणसानं एकेक सेल दागिन्यासारखा पारखून घेतलाय!"

"आणि नापास झालेले?"

"ते मी परत घेत नाही. पडले असतील त्याच्याच टोपलीत."

तेवढ्यात घंटी वाजवत धाकटा भाऊ आला. सायकल दारात लावून तो सरळ आत आला. ना धाप, ना घाम. वहिनीने सवयीने पाण्याचा पेला पुढे ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला.

"हात कसा आहे, वहिनी? दादाला मी किती सांगितलं, जुन्या सेलच्या नादी लागू नकोस. एखादा डाग सुटला असणार सेलवरचा."

"तुम्हालाही यातलं कळतं वाटतं?" बाई म्हणाल्या.

"दादाचीच कृपा. शाळेत असल्यापासून रेडिओ उघडून डाग द्यायला बसवायचा."

"शेड बघितलीत?"

"छे! आगीनंतर आत्ताच येतोय."

बाईंनी खुर्ची ओढली. "चार्जरचा हिरवा दिवा म्हणजे काय हो?"

"बॅटरी भरली," थोरला म्हणाला. मग थबकला. "किंवा समोर बॅटरीच नाही."

"तुमची तर रिकामी होती. म्हणजे प्लग लावला तेव्हा पलीकडे जिवंत बॅटरी नव्हतीच. चार्जिंग झालंच नाही, तर त्यानं आग लागेल कशी? आग थिनरची. वास त्याचाच."

"मग जळलं काय?" ग्रंथपालांच्या तोंडून निघून गेलं.

"टोपलीतले नापास सेल. घाईघाईनं तारेनं जोडलेले, वरून यांच्याच निळ्या टेपमध्ये गुंडाळलेले. निकेल एवढ्याशा आगीत वितळत नाही. जा, पट्टी सापडते का बघा."

थोरला गेला. राख चाळण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. परतला तेव्हा त्याच्या तळहातावर एक काळा सेल होता, टोकाला कथलाचा थेंब.

"ही माझी बॅटरी नाही."

"नाहीच. सेलवरचा डाग मला राखेत दिसला. यांना तो शेडमध्ये न जाताच ठाऊक होता." बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. "आणि मेलेल्या बॅटरीवर हा चढ असा कोरडा कोणी चढत नाही."

धाकट्याने पेला हलकेच बाजूला सरकवला.

"मागितली असतीस तर?" थोरला म्हणाला.

"मागितली होती. पुढची तुझी, म्हणालास. तुझी पुढची कधी येते ते मला माहीत आहे, दादा."

"मग नुसती न्यायची. पेटवलंस कशाला?"

"गायब झाली असती तर तू शोधली असतीस. जळालेलं कोण शोधतं?" त्याचा आवाज खाली आला. "वहिनी मध्ये हात घालेल असं वाटलं नव्हतं."

वहिनीने पट्टीच्या हातानेच पाण्याचा पेला उचलला आणि मोरीत ओतला.

"हत्यारं विकू नका," बाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या हाताचा काही दोष नाही."

हेच ऐकायला थोरल्याने त्यांना बोलावलं होतं. आता याला हायसं वाटेल, असं ग्रंथपालांना वाटलं. पण तो तळहातावरचा थेंब अंगठ्याने चाचपत होता. थेंब गोल होता, नेटका, शिकवल्यासारखा.

"डाग चांगला दिलायस," तो भावाला म्हणाला. "मीच शिकवलं ना."