थांबण्याची आज्ञा

गोष्ट भर दुपारची आहे, तेव्हा दिवा मोठा करायची गरज नाही. नौदलाच्या जुन्या दप्तरात मी गेले ती साध्याच कामाला. बाबांच्या बोटीचा इतिहास छापून निघणार होता आणि त्यातली एक ओळ मला खोडून हवी होती.

बोट म्हणजे मालवाहू ताफ्यांची राखणदार. युद्धात तिनं एकोणीस ताफे सुखरूप पोहोचवले, दोन पाणबुड्या बुडवल्या आणि युद्ध संपल्यावर भंगारात गेली. बाबा तिच्या यंत्रघरात होते. पाण्यात पडलेल्यांसाठी थांबायचं नाही, असा या बोटींना सक्त हुकूम होता, कारण थांबलेली बोट म्हणजे पाणबुडीला आयतं सावज. तरीही एका दुपारी बाबांनी इंजिन अकरा मिनिटं बंद ठेवलं. तेवढ्या वेळात तेवीस माणसं जाळीला धरून वर आली. वरून थांबण्याची घंटा आली, असं बाबा म्हणाले. कप्तान म्हणाला, मी दिलीच नाही. नोंदवहीत ओळ पडली, ‘आज्ञेविना इंजिन बंद’. बाबांचा हुद्दा गेला आणि बोटीवरची जागाही गेली.

खरं सांगू? माझाही बाबांवर विश्वास नव्हता. विमा कंपनीत मी तीस वर्षं दावे तपासले. दयेपोटी माणूस कसा बेमालूम थाप मारतो, ते मला पाठ आहे. पण बाबा अठ्ठ्याऐंशीचे झाले होते. ते पुस्तक त्यांच्या उशाशी येणार होतं, आणि त्यात तीच ओळ त्यांनी वाचावी, हे मला सोसवेना.

दप्तर सांभाळणारे गृहस्थ किडकिडीत होते, बोलायला कंजूष. ‘इंजिन बंद झालं होतं, त्याच तारखेला या,’ असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. त्यांनी मला तळघरात नेलं. जुन्या कागदांचा वास, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात बोटीतून काढून आणलेली पितळी तबकडी. तिच्यावर वरून येणारी आज्ञा दाखवणारा काटा, आणि खालून उत्तर द्यायची मूठ. तिला कप्तानाच्या तबकडीशी जोडणारी मागची साखळी कापलेली होती. मी वाकून, हात घालून पाहिलं. सवय, दुसरं काय.

"बसा," ते म्हणाले. "तीन वाजून दहाला..."

"काय होतं?"

"ऐकाच."

आम्ही बसून राहिलो. हळूहळू कागदांचा वास मागे पडला आणि तापलेल्या तेलाचा यायला लागला. मग खाऱ्या पाण्याचा. आणि घंटा वाजली.

तबकडीवरचा काटा आपोआप सरकला आणि ‘थांबा’वर जाऊन टेकला. घंटा वाजतच राहिली.

"कोण... कोण वाजवतंय?"

"ठाऊक नाही. अकरा मिनिटं वाजते. बावीस वर्षं ऐकतोय."

"मग ती ओळ तुम्ही बदलली का नाही?"

"दुरुस्तीला दोन साक्षीदार लागतात, बाई. शिपायाला बसवलं, तो नोकरी सोडून गेला. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, रजा घ्या."

लहानपणी बाबा माझ्याशी ताटलीवर चमचा वाजवून खेळायचे. घंटा वाजली की आधी उत्तर द्यायचं, विचार मागाहून. मी उठले. मूठ बर्फासारखी गार होती आणि ओली. मी ती ‘थांबा’वर नेली.

घंटा थांबली. गृहस्थांनी रुमालानं चष्मा पुसला आणि माझ्यापुढे कागद सरकवला. ‘यंत्रघरात थांबण्याची आज्ञा आली. ती कोणी दिली, याची नोंद नाही.’ आम्ही दोघांनी सह्या केल्या.

घरी जाऊन मी बाबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही.

"तुला पटलं?" त्यांनी विचारलं.

"पटलं, बाबा. आधीच पटायला हवं होतं."

"उशीर झाला खरा," ते म्हणाले आणि मिस्कील हसले. "पण उत्तर दिलंस." त्या रात्री ते घोरत झोपले आणि मी पोटभर रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाबा त्या हिवाळ्यात गेले, झोपेतच, शांतपणे.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला मी पुन्हा तळघरात जाऊन बसले. मनात भीती अशी नव्हती. बरोबर तीन वाजून दहाला घंटा झाली. पण या खेपेला काटा ‘थांबा’वर गेला नाही. तो ‘हळू पुढे’वर गेला. मी हात पुढे केला, तो पोहोचायच्या आतच खालची मूठ आपोआप फिरली. आज्ञेला उत्तर मिळालं आणि घंटा बंद झाली.

"सही करा," नवा कागद पुढे सरकवत गृहस्थ हळूच म्हणाले.

मी सही केली, पण अक्षर वेडंवाकडं आलं. हात माझा स्थिर होता हो. टेबल थरथरत होतं आणि त्याखालची फरशीही, इंजिन सुरू झाल्यासारखी, थेट संध्याकाळपर्यंत.