सात वाजताचे सर्व्हर

नवीन जालन्यात सकाळचे ऊन घाईने येत नसे. आधी ते स्टेशनाच्या पत्र्यावर टेके, मग समोरच्या बियाणे कंपनीच्या पाटीवरून उतरून सावकाश रस्ता ओलांडी, आणि सातच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजांतून आत येऊन यशश्रीच्या रिकाम्या खुर्चीवर बसे. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. थोडी धूळ होती. मार्तंड ते रोज पाही.

यशश्रीची छोटी कंपनी बियाण्यांच्या दुकानदारांसाठी मालाची नोंद ठेवणारे अ‍ॅप चालवी. भाडे वाचावे म्हणून क्लाउडवरचे सर्व्हर रात्री बंद ठेवत. दुकाने उघडण्याआधी ते सुरू करण्याचे काम मार्तंडचे. ते ऑफिसातूनच करता येई, म्हणून तो अंबडहून पहाटेची एसटी धरून येई.

साडेसातला यशश्री थर्मास घेऊन आली. "मार्तंडराव, ते सर्व्हर आपोआप चालू-बंद करणाऱ्या टूलचं काय झालं?"

"महिन्याला साडेसहा हजार," त्याने कागद पुढे केला. "डॉलर चढला की अजून वाढंल. आपले सर्व्हर तीनच... एवढा खर्चा परवडत न्हाई."

तिने कागद उन्हात धरला. "यात तुमचे तास कुठं हायेत?"

"माझे... ते कशाला धरायचे?"

"रोज साडेचारला उठून राह्यले, ते काय फुकट? परवा एसटीत झोपून गेल्ते, कंडक्टरनं उठवलं म्हणे. तुमचे तास धरले तर टूलच स्वस्त पडतंय."

"मला त्रास न्हाई."

"मला हाय," ती चहा ओतत म्हणाली.

मग तिने लॅपटॉप उघडला. "वर्षाचे पैसे एकदम भरले की सवलत हाय. भरून टाकते. उद्यापासून दहाला या, आरामात."

दहा वाजता ऊन खुर्चीवर नसते. दहा वाजता फोन असतात, माणसे असतात. शिवाय कंपनीच्या खात्यात दोन महिने पुरतील एवढेच पैसे होते, हे त्याला ठाऊक होते. तिचे बोट बटणाजवळ गेले.

"थांबा... भरू नका. गरज न्हाई."

"परत तेच."

"तसं न्हाई—" त्याने आपला स्क्रीन तिच्याकडे वळवला. एकच ओळ होती: दररोज, सहा पन्नासला, आपोआप सुरू. शेजारी ती लिहिल्याची तारीख.

तिने ती दोनदा वाचली. "ही तर दिवाळीतली तारीख हाय."

"हो."

"आता चैत्र लागलाय, मार्तंडराव."

"हो..."

"मंग सातला येऊन काय करून राह्यले तुम्ही?"

मशीनचा भरवसा नसतो, कोणीतरी नजर ठेवायला हवी, असे तो इतके दिवस स्वतःला सांगत आला होता. ऊन एव्हाना तिच्या मनगटावर पोहोचले होते.

तिने लॅपटॉप मिटला, कप त्याच्याकडे सरकवला. "उद्या मी साडेसातला न्हाई यायची," ती खिडकीकडे पाहत म्हणाली. "सातलाच येईन."

त्याने कप हातात घेतला. पाच महिन्यांत सर्व्हर एकदाही चुकले नव्हते. तो तिची वाट पाहायला येत होता.