पिवळ्या टोकाचा ठोकळा

फेब्रुवारी १९८६. बोरगावचे कारखानदार केशवराव पांढुर्ण्याला गुप्तहेर मोरेश्वर उमाठ्यांच्या घरात शिरले तेच मुळी तणतणत.

“चोर मला ठाऊक आहे. कवडू! वीस वर्षांचा माझा मिस्त्री. तुम्ही फक्त पुरावा काढा, उद्याच ठाण्यात रिपोर्ट देतो.”

चोर ठाऊक आहे तर गुप्तहेर कशाला, असं उमाठ्यांचे मित्र दिलीप मास्तर विचारणार होते. पण तेवढ्यात चहा आला.

केशवरावांकडे संत्र्याच्या बागांसाठी पीव्हीसी पाइपांचे एल्बो, म्हणजे वळणावरचे जोड, बनत. पीव्हीसी जास्त तापलं की त्यातून आंबट वाफ सुटते आणि साध्या स्टीलचा साचा खाऊन टाकते. म्हणून त्यांनी साच्यासाठी गंज न धरणाऱ्या महागड्या स्टीलचा ठोकळा आणला होता. त्याचं टोक पिवळं रंगवलेलं. इतर कामासाठी साधा, लाल टोकाचा. कवडूनं साचा केला आणि तीन आठवड्यांत आतून गंजाचे खड्डे पडले.

“स्टोअरमध्ये पाहतो, तर दोन्ही टोकं लाल! पिवळं विकलं अन् साधं आणून ठेवलं लेकानं. सगळ्या बोरगावात सांगून राहिलो मी.”

तिघं बोरगावला पोचले. कारखान्याच्या चौकटीवर, लेथवर, कानशींवरसुद्धा शेंदराची बोटं. मास्तर हात जोडत जोडतच आत शिरले. स्टोअरमध्ये एक ठोकळा अख्खा होता, एक अर्धा कापलेला. उमाठ्यांनी दोन्ही टोकांवर बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं.

स्टोअरची चावी केशवरावांच्या पत्नी प्रेमलताबाईंकडे.

“दसऱ्याला ह्यांनीच जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर आणला. सगळं खाली उतरवून पूजा केली अन् स्वतःच परत रचलं. कवडू तेव्हा मोहगावले गेला होता.”

“त्यानंतर स्टील आलं-गेलं?”

“एक तुकडा नाही. मी काय झोपून राहिली होती?”

मग कामावरून काढलेल्या कवडूला बोलावलं. मान खाली.

“चोरी नाही केली साहेब. पण चूक माहीच आहे.”

“ठोकळा कुठून उचलला?”

“वरच्या फळीवरून. महागाचा माल वरतेच राहते.”

“टोक नाही पाहिलं?”

उमाठ्यांनी रॉकेलचा बोळा पुढे केला.

“हे टोक पूस.”

कवडूनं हात मागे घेतला. “देवाचा शेंदूर आहे साहेब. तेव्हाही पुसाले हात नाही धजला.”

“मग मी पुसतो.” अख्ख्या ठोकळ्याच्या टोकावरची लाली निघाली आणि खालून लख्ख पिवळा रंग निघाला. कापलेल्याच्या शेंदराखाली मात्र लालच रंग.

“अरे बापरे!” मास्तर ओरडले.

उमाठ्यांनी रुमालावरचे शेंदराचे डाग दाखवले. “सुकलेला ऑइल पेंट बोटाला लागत नाही, शेंदूर लागतो. माल आला नाही, गेला नाही; म्हणजे पिवळं इथंच असणार. केशवराव, रंगावर शेंदूर तुम्ही फासला. परत रचताना वरचं खाली अन् खालचं वर तुम्हीच केलं. ह्याचा गुन्हा एवढाच, की शेंदूर खरवडायला मन झालं नाही अन् विचारायला तोंड उघडलं नाही.”

केशवराव कवडूकडे वळले. “मी चोर म्हटलं रे तुले. लाज वाटते मले. उद्यापासून कामावर ये.”

“येतो मालक. पण पहिले माह्या मोहल्ल्यात चला. माही बायको कलाबाई पंधरा दिवसांपासून नळावर मान खाली घालून जाते. तिथं, चारचौघींसमोर सांगा.”

केशवराव चपला शोधू लागले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“पायातच आहेत,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “चला, मी पण येते.”