हवेचा आकडा

आमच्या पांढऱ्या गाडीचा हवा मोजणारा सेन्सर मी गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, घरासमोरच बदलला. जुळे सोलापुरात आमचं घर आहे. फाटकाच्या आत कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत गाडी उभी असते. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतो. हे काम वीस मिनिटांचं.

‘आमची गाडी’ म्हणतो, पण ती महेश्वरची. महेश्वर म्हणजे माझी बायको चंद्रिका हिचा पहिला नवरा. मंद्रूपला त्याचं पशुखाद्याचं दुकान होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. मागच्या सीटवर त्याला झोपवून, हुंगायला ओवा-कापराची पुरचुंडी देऊन चंद्रिका याच गाडीतून शहरभर बेड शोधत फिरली होती. लग्नाआधी तिने मला हे एकदाच सांगितलं.

“आरशात बघत चालवत होते. छाती वर आली की मगच पुढचा गिअर टाकायचा. शेवटी बेड मिळाला, पण मला आत सोडलं न्हाई.”

मेलेल्या माणसाचा हेवा करणं मूर्खपणाचं आहे, हे मला कळतं. पण गाडीतला तो आरसा अजून मागच्या काचेकडे नसून मागच्या सीटकडे वळलेला असायचा. मी सरळ करायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वळलेला. मागच्या पावसाळ्यात मला ताप भरला, रात्रभर धाप लागली. चंद्रिकाने वेळेवर गोळ्या दिल्या, उशाशी पाणी ठेवलं आणि कूस बदलून झोपून गेली. दोन वर्षं तिने मला गरम भाकरी वाढली, कधी उलट शब्द बोलली नाही. पाहुण्याची ठेवतात तशी माझी बडदास्त ठेवली.

मार्चपासून गाडी बंद पडायला लागली. गंमत म्हणजे फक्त माझ्या हातात. आसरा चौकात दोनदा, विजापूर रोडवर एकदा. चंद्रिका मंद्रूपला जाऊन यायची तेव्हा काही नाही.

“तुमी त्याला घाई करता,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“गाडीला हो.”

मी संस्थेतून स्कॅनर आणला. दोष निघाला हवेच्या सेन्सरचा. इंजिन किती हवा आत ओढतंय ते हा सेन्सर मोजतो आणि तेवढं डिझेल सोडलं जातं. आकडा चुकला की गाडी गुदमरते. मला बरं वाटलं. दोष माझ्या पायात नव्हता, आणि दुसऱ्या कुणातही नव्हता.

बॅटरीची वायर काढली. फिल्टरच्या पेटीपुढच्या नळीवर सेन्सर बसवलेला असतो. त्याचा कनेक्टर काढला, दोन स्क्रू सोडवले आणि सेन्सर बाहेर ओढला. त्याच्या पोटात केसाएवढी बारीक तार असते. पाच वर्षांत सोलापूरच्या धुळीने ती काळी पडलेली असायला हवी होती. ती स्वच्छ होती, आणि ओली. आरशावर तोंडाची वाफ धरावी तसे बारीक थेंब. पारा रोज बेचाळीसवर जात होता आणि गाडी तीन दिवस जागची हलली नव्हती.

तार पुसली नाही. नवा सेन्सर त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे ठेवून बसवला, स्क्रू आवळले, बॅटरी जोडली. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली आणि स्कॅनरवर हवेचा आकडा लावला.

शून्य.

मग ०.४. पुन्हा शून्य. मग ०.५.

वारा असेल म्हणून मी वर पाहिलं. निंबाचं पान हलत नव्हतं. आकडा चढत होता, उतरत होता, मध्ये थोडा थांबत होता. गाडीच्या पुढच्या जाळीमागे हवा ओढायचं तोंड असतं, त्यावर मी तळहात ठेवला. तळहात आत ओढला गेला. मग सुटला. मग पुन्हा ओढला गेला.

शेजारचे हुसेनसाब भिंतीवर कोपर टेकून बघत होते. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस.

“मास्तर, गाडी बंद हाय न्हवं?”

“बंद आहे.”

“मग हवा कोण ओढतंय?”

तेवढ्यात चंद्रिका ताकाचा पेला घेऊन बाहेर आली. तिने स्कॅनरकडे पाहिलं. पेला पायरीवर ठेवून ती बॉनेटपाशी आली आणि गाडीच्या काठावर हात टेकला. आकडा भराभर चढला, ०.९, १.१, मग हळूहळू खाली आला आणि संथ झाला. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दोन वर्षं मागत होतो. तोंडाने कधी मागितलं नाही, एवढंच.

“चंद्रिका, आत जा.”

“हळू बोला की,” ती कुजबुजली. “आता कुटं डोळा लागलाय.”

पायाशी हात पुसायचं फडकं पडलं होतं. मी ते उचललं, त्याचा बोळा केला आणि त्या तोंडात कोंबला.

आकडा उडाला. २.८. ४.१. फडकं माझ्या बोटांतून आत खेचलं जात होतं.

“काढा ते!” चंद्रिकाने माझं मनगट धरलं. “अहो, काढा! पाया पडते तुमच्या!”

मी मूठ आणखी आत दाबली. मला ते काढायचं नव्हतं, हे मी आता लिहून ठेवतो.

१.२.

०.३.

शून्य.

मी साठपर्यंत मोजलं. शून्यच होता.

चंद्रिका पायरीवर बसली. रडली नाही. हुसेनसाब भिंतीपलीकडून म्हणाले, “मास्तर, काय केलंत तुमी?” आणि निघून गेले.

मला धाप लागली होती. मी वाकून, दोन्ही हातांनी जोर लावून फडकं उपसलं. ते सुटलं तसा आतून उबदार झोत माझ्या तोंडावर आला. नेमका त्याच वेळी मी श्वास आत घेत होतो. ओवा आणि कापूर यांचा वास होता.

किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्यानंतर गाडी माझ्या हातात एकदाही बंद पडली नाही. तोच स्कॅनर मी संस्थेतल्या दोन गाड्यांना लावून पाहिला. बंद इंजिनाला शून्य दाखवतो, दाखवायला हवा तसा.

मे महिन्यात गाडी विकायचा विषय मी काढला. चंद्रिका लगेच हो म्हणाली. वैरागचे एक गृहस्थ घेऊन गेले. ती फाटकापर्यंतही आली नाही. आत माझ्यासाठी शेंगाची चटणी कुटत होती.

तेव्हापासून ती बदलली आहे. मी घरी यायच्या वेळेला दारात उभी असते. जेवताना माझ्याकडे बघत राहते. रविवारी दुपारी मी आडवा झालो की शेजारी येऊन माझ्या छातीवर कान ठेवते आणि डोळे मिटते. मला हवं होतं ते सगळं मिळालं आहे.

गेल्या रविवारीही ती तशीच पडून होती. ओठ हलत होते. मला सहज वाटलं म्हणून मी श्वास रोखून धरला. नाक चिमटीत धरलं, तोंड घट्ट मिटलं. वीस झाले. चाळीस झाले. ती डोकं उचलेल, विचारेल, अशी मी वाट पाहत होतो. तिला काहीच जाणवलं नाही.

तिचं डोकं माझ्या छातीवर संथपणे वर जात होतं आणि खाली येत होतं.